कार्पेटची वजावट

वर करंगळी गेली. फळी उभी केली, पाणसळ लावून पाहिली, भिंतीला टेकवली आणि सवयीनं शिडीच्या तिसऱ्या पायरीवर चढून छताजवळ हात फिरवला, तर माझी करंगळी फळीच्या डोक्यावरून सरळ आत जाऊन भिंतीला लागली. आमच्या कपाटांच्या कामात तिथं पोस्टकार्ड सरकेल एवढी फट सोडतात. करंगळी जायचं काही कारण नाही. मी बोट काढलं, पुन्हा घातलं, पुन्हा गेलं. खाली दादा दोन्ही हातांनी फळी धरून, तिला गाल लावून उभा होता. पायांत नुसते मोजे, कारण बूट दाराबाहेर काढायचे असा घरमालकिणीचा हुकूम, आणि उजव्या मोज्यातून त्याचा अंगठा बाहेर येऊन त्या दुधी रंगाच्या जाड कार्पेटात रुतलेला. "बसली का हो, भाऊजी?" त्यानं विचारलं. मी म्हणालो, "बसली." कामाबद्दल त्याच्याशी खोटं बोलायची ही माझी पहिलीच वेळ, आणि ते इतकं सहज तोंडातून गेलं की मी शिडीवर तसाच उभा राहिलो.

पहिला विचार मनात आला तो असा, की बरं झालं, सापडला. लाज वाटते सांगायला, पण आला खरा. गेले चार दिवस मी एक वाक्य तोंडात धरून हिंडत होतो आणि ते बाहेर काढायला निमित्त मिळत नव्हतं. महिन्यापूर्वी बायको भाजी निवडता निवडता म्हणाली होती, "अहो, दादाला आताशा नीट दिसत नाही. त्याला म्हणावं, आता पुरे. तुमचं ऐकेल तो." मी म्हटलं, "आणि मी कुणाबरोबर काम करू?" तर वर न बघता म्हणाली, "मग तुम्हीही थांबा." मी तेव्हा हसलो. पण त्यानंतर ती रोज विचारू लागली, सांगितलंत का, सांगितलंत का, आणि शेवटी मी कबूल केलं की ही खोली शेवटची, ही झाली की त्याला सांगतो. कसं सांगणार? ज्या माणसानं सत्तावीस वर्षं टेप धरली त्याला, बाबा रे, तुला आता टेपवरचे आकडे दिसत नाहीत, हे कुठल्या तोंडानं सांगायचं? मी आंघोळ करताना वाक्यं जुळवत होतो. 'दादा, आपण आता थकलो' हे एक होतं, पण त्यातलं 'आपण' खोटं होतं, कारण मी काही थकलो नव्हतो. आणि आता हा पुरावा आयता माझ्या करंगळीला लागला होता.

दादा माझ्या बायकोचा थोरला भाऊ. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा, पण मी पडलो जावई, म्हणून तो मला जन्मभर अहो-जाहो करतो, आणि मी त्याला बायकोसारखंच दादाही म्हणतो आणि अरे-तुरेही करतो. ऐकणारे गोंधळतात. एका गिऱ्हाइकाला वाटलं मी मालक आणि हा माझा नोकर. त्यांनी मला बशीसकट कप दिला आणि त्याला कान तुटलेला कप. मी माझा कप त्याच्या हातात दिला, त्यानं तो मला परत दिला, मी पुन्हा त्याला, आणि या मानापमानात दोन्ही चहा गार झाले. लग्नात मी त्याला पाहिला तेव्हा तो एका कोपऱ्यात उभा राहून मांडवाचे खांब डोळ्यांनी मोजत होता. मला वाटलं, मुलगी द्यायची म्हणून रडवेला झालाय. जवळ गेलो तर म्हणाला, "भाऊजी, तो तिसरा खांब तिरका आहे, त्याच्याखाली बसू नका." त्याच वेळी मला तो आवडला. पुढं माझा कारखाना बंद पडला, त्याचा भागीदार सोडून गेला, आणि आम्ही एकत्र आलो. त्यानं मोजायचं, मी कापायचं. झोपायच्या खोल्यांतली भिंतीत बसणारी कपाटं, जमिनीपासून छतापर्यंत, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, पलंगाच्या डोक्यावर खण, बाजूला ड्रॉवर. पुढून पाहिलं तर भिंतच वाटावी, आणि दार उघडलं की आत सगळा संसार.

सुरुवातीलाच आम्ही आपटलो होतो, आणि तेही कार्पेटावरच. कार्पेट असलं की मोजणीत एक गोम असते. टेपचं टोक लोकरीतून खाली दाबून फरशीला लावलं तर खरी उंची मिळते, पण फळी काही फरशीवर उभी राहत नाही, ती दबलेल्या कार्पेटावर उभी राहते. तेवढं वजा करावं लागतं. पहिल्या वर्षी दादाला वाटलं मी वजा करीन, मला वाटलं त्यानं करूनच सांगितलंय, आणि अकरा फळ्या अर्धा अर्धा इंच लांब निघाल्या. गिऱ्हाइकाच्या खोलीत, नव्या कार्पेटावर, करवतीचा भुसा पाडत आम्ही त्या कापल्या, आणि घरमालक दारात उभा राहून आमचा उद्धार करत होता. घरी येऊन आम्ही एकमेकांशी भांडलो. तेव्हा बायकोनं आमच्यामध्ये पाण्याचे दोन पेले आदळले आणि निकाल दिला. "मोजणाऱ्यानं जे आहे ते सांगायचं. वजा कापणाऱ्यानं करायचं. आजपासून कार्पेट यांचं." हे म्हणजे मी. त्या दिवसापासून कार्पेट माझं. दादा फळीच्या तुकड्यावर पूर्ण भार देऊन उभा राहायचा, शेजारी आरी, म्हणजे टोकदार दाभण, टोचून दबलेली जाडी बघायचा, वहीच्या कोपऱ्यात लिहायचा, पण हात नाही लावायचा. ते माझं काम. त्यात मला थोडी प्रतिष्ठाच वाटायची. मोजणं काय, कुणीही मोजेल, पण काय सोडायचं हे कळायला अक्कल लागते, असं मी त्याला चिडवायचो. तो म्हणायचा, "तुमची अक्कल अर्ध्या इंचाची हो, भाऊजी."

"चहा," दारातून आवाज आला. या घरच्या बाई म्हणजे निवृत्त नर्स. चाळीस वर्षं वॉर्डात काढलेल्या, त्यामुळं बोलणं अजून पेशंटशी बोलल्यासारखंच. घर भरलेलं होतं तोवर यांना स्वतःची अशी खोली नव्हती. मुलं पांगल्यावर यांनी ही मागची खोली घेतली आणि सगळ्यात आधी काय केलं तर कार्पेट टाकलं. खरं तर आधी कपाटं आणि मग कार्पेट, हा शिरस्ता. आम्ही पहिल्या दिवशी म्हटलं, बाई, भिंतीलगत कापून घेऊ, कपाटाची बैठक फरशीवर नीट बसेल, पुढं पुन्हा खिळ्यांच्या पट्टीत अडकवून देऊ, कळणारसुद्धा नाही. बाई म्हणाल्या, "कात्री लागणार नाही. चाळीस वर्षं गार फरशीवर उभी राहिलेय मी. आता सकाळी पाय टाकीन तो मऊवरच." आम्ही कात्री पेटीत ठेवली. आता त्यांनी ट्रे खिडकीत ठेवला आणि फळीकडं पाहून मान डोलावली. "शोभतेय. हा तुमचा, बिनसाखरेचा." मी म्हटलं, "मला बिनसाखरेचा, असं कुणी सांगितलं?" "तुम्हीच की. काल दोनदा सांगितलंत," असं म्हणून त्या हसल्या. मला वाटलं, नर्सबाई आहेत, सगळ्यांची साखर तोडायची सवय. दादा मात्र त्यांच्याकडं न बघता घाईघाईनं म्हणाला, "माझा घ्या, भाऊजी, मला चालतो कुठलाही," आणि कपांची अदलाबदल करून टाकली.

त्या गेल्यावर मी वही काढली. पुरावा पुरता हातात घेऊनच बोलावं, असं ठरवलं होतं. दादा दाराशी बसून बिजागऱ्यांची पाकिटं फोडत होता. मी टेपचं टोक कोपऱ्यात लोकरीत खुपसलं, खालची फरशी लागेपर्यंत दाबलं, आणि टेप वर नेली. आठ फूट. पुरे आठ, एक सूत इकडं नाही की तिकडं नाही. मध्ये मोजलं, आठ. उजवीकडं मोजलं, आठ. इतकी सरळ खोली आम्हाला वर्षातून एखादी मिळते. वहीत दादाच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं, उंची सात फूट साडेअकरा इंच. मी त्यातून माझा अर्धा इंच वजा करून फळ्या सात फूट अकरा इंचांवर कापल्या होत्या. म्हणजे चूक दादाची. साडेअकरा कुठून आणले त्यानं? डोळे. मी वही मिटली. वाक्य तोंडात आलं. दादा, ये इकडं, हे बघ, असं म्हणायला मी तोंड उघडलंसुद्धा, आणि तसंच राहिलो. अर्धा इंच. अधू डोळ्याचा माणूस तीनाचे आठ वाचेल, एकाचे सात वाचेल. फूटभर चुकेल, सूतभर चुकेल. पण तो नेमका कार्पेटाच्या जाडीएवढा कसा चुकेल? वहीच्या कोपऱ्यात आरीनं घेतलेली जाडी नेहमी लिहिलेली असे. मी पुन्हा वही उघडली. कोपरा कोरा होता. त्यानं मला कार्पेट सांगितलंच नव्हतं. ते त्यानं स्वतःच वजा करून टाकलं होतं. आणि मी जाडी न विचारता, नेहमीच्या हातानं, अर्धा इंच उडवून मोकळा झालो होतो.

मला राग यायला हवा होता. माझ्या कामात हात घातला त्यानं. पण रागाच्या आधी दुसरंच काही आलं. मी मागची पानं उलटू लागलो. याच्या आधीची खोली, जुळ्या मुलींची, कार्पेट होतं, कोपरा कोरा. त्याआधीची, कोपरा कोरा. त्याआधी एका म्हाताऱ्या वकिलांची, तिथंही कोरा. आणि त्या सगळ्या फळ्या तर बिनबोभाट बसल्या होत्या, वर पोस्टकार्ड जाईल एवढी फट ठेवून, मी स्वतः हात फिरवून पाहिला होता आणि स्वतःवर खूश झालो होतो. म्हणजे तिथं मी वजा केलंच नव्हतं. केलं असतं तर आजच्यासारखीच करंगळी गेली असती. मी वकिलांच्या फळ्या कापतानाचा दिवस आठवू लागलो. करवतीचा आवाज आठवला, कारण तो रोजचाच. प्लायचा वास आठवला. फळीवर पेन्सिलनं रेघ मारताना मी मनात काय म्हणालो होतो, अर्धा इंच सोडला असं म्हणालो होतो का? त्या जागी काही नव्हतं. विसरलेली गोष्ट आठवत नाही तेव्हा निदान ती होती एवढं तरी कळतं, जिभेवर घोटाळते. इथं तसंही काही नव्हतं. रोजच्या जिन्यावर पाय टाकावा आणि मधली एक पायरीच नसावी, तसं झालं. मी खाली बसलो. कार्पेट खरंच मऊ होतं. बाईंचं काही चुकलं नव्हतं.

मग एकेक दिसू लागलं. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, म्हणतात ना, तसं माझं चाललं होतं. किती महिने दादा गाडी चालवतोय? 'तुमची मान धरते, भाऊजी, मी चालवतो,' म्हणाला, आणि मी चावी देऊन टाकली. ज्याला दिसत नाही म्हणून थांबवायला निघालो त्याच्याच शेजारी बसून मी रोज भर रहदारीतून येतो-जातो, आणि हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही. बायकोनं माझ्या शर्टाच्या आतल्या खिशाला घराची किल्ली दोऱ्यानं बांधून दिलीय. मी म्हटलं, शाळकरी पोर आहे का मी? तर म्हणाली, सगळ्या शर्टांना बांधणार आहे, फॅशन आहे. मी हसलो आणि विसरलो. संध्याकाळी मी विचारतो, थोरल्या लेकीचा फोन आला होता का गं. ती सांगते, आला होता, बरी आहे, तुमची चौकशी केली. हल्ली हे उत्तर ती कसं सांगते ते मला आता आठवलं. हातातलं काम थांबवून, माझ्याकडं बघून, हळू आणि नीट. माझी बायको जन्मात कधी हातातलं काम थांबवून बोललेली नाही. किती वेळा विचारत असेन मी?

"तो बघा स्क्रू," दादा म्हणाला. तो दारातून उठून आला, माझ्या गुडघ्यापासून हातभर अंतरावर वाकला, आणि दुधी लोकरीत बुडालेला, नखाएवढा, पांढरा स्क्रू चिमटीत धरून वर काढला. मी तो शोधायला सकाळी दोऱ्याला लोहचुंबक बांधून अर्धा तास रांगलो होतो. यानं दारातून पाहिला. मी त्याच्याकडं बघत राहिलो. त्यालाही कळलं, त्यानं स्क्रू खिशात टाकला आणि उगीच चष्मा काढून पुसायला लागला.

"दादा, खोली आठ फूट आहे."

"हो का?"

"वहीत साडेअकरा इंच लिहिलेत तू."

"मग चुकलं असेल. दिसत नाही हो आताशा."

"किती चुकलं?"

मीच म्हणालो, "अर्धा इंच. नेमका. डोळे असे जाडी मोजून चुकतात होय रे?"

दादानं चष्मा पुसून पुसून पार घासून टाकला. मग तक्रार केल्यासारखा म्हणाला, "तुम्ही या खेपेला वजा केलंत. नेमकं याच खेपेला."

"म्हणजे एरवी करत नव्हतो?"

"कधी करायचात, कधी नाही. त्याचा नेम राहिला नव्हता, भाऊजी. मग म्हटलं, आपणच करून सांगावं. आणि कोपऱ्यात जाडी लिहायचं बंद केलं. आकडा दिसला नाही तर तुम्हालाही आठवण व्हायची नाही, असं आपलं मला वाटलं. दहा-अकरा खोल्या बरोबर चाललं होतं."

"कधीपासून?"

"त्या दंतवैद्यांच्या घरापासून. दोन फळ्या लांब आल्या होत्या. तुम्हाला बिजागऱ्या आणायला खाली पाठवलं आणि गच्चीवर नेऊन कापल्या."

मला तो दिवस आठवला. चार मजले उतरून गेलो होतो, गाडीभर शोधलं होतं, आणि घामाघूम होऊन वर आल्यावर त्याला चिडवलं होतं की इतक्या वेळात तू दोन फळ्यासुद्धा उभ्या केल्या नाहीस. "बिजागऱ्या गाडीत नव्हत्याच," मी म्हणालो.

"माझ्या खिशात होत्या."

"आणि हिला हे माहीत आहे?"

"तिनं माझ्या आधी ओळखलं. तुम्ही गॅसवर दूध ठेवून बाहेर पडलात दोनदा." तो आता माझ्यासमोर कार्पेटावर मांडी घालून बसला. "काय करायचं, कसं सांगायचं, रडत होती. मीच म्हटलं, माझं नाव पुढं कर. सांग, दादाला दिसत नाही, त्याला थांबवा. भाऊजी स्वतःसाठी कधी थांबायचे नाहीत, पण मी थांबलो तर दुसऱ्याबरोबर काम करायचे नाहीत. येतील घरी."

मग मात्र राग आला, आणि तो चांगला नाकाला मिरच्या झोंबल्यासारखा आला. बहीण-भावानं मिळून मला बाहुलं केलं होतं. मी कामाचा माणूस, माझ्या हाताखालून शेकडो कपाटं गेली, आणि हे दोघं माझ्यामागून माझ्या चुका पुसत फिरत होते, लहान मुलाच्या मागं फडकं घेऊन फिरतात तसे. मी म्हणालो, "मग आजच कशाला माघार घेतलीस? आजही कापायची होतीस गुपचूप." दादा गंभीरपणे म्हणाला, "भाऊजी, आज फळी आखूड आहे. आखूड फळी कापून लांब कशी करणार?" हे त्यानं अगदी मनापासून, मला समजावून सांगावं तसं सांगितलं. मी त्याच्या तोंडाकडं पाहिलं आणि मला हसू फुटलं. तो आधी बिचकला, मग तोही हसायला लागला. आम्ही दोन म्हातारे मोजे घालून त्या मऊ कार्पेटावर बसून पोट धरून हसत होतो. हसता हसता माझं कधी काय झालं मला कळलं नाही, पण दादानं हात पुढं करून माझ्या गुडघ्यावर ठेवला, आणि बराच वेळ तसाच ठेवला. त्याचा हात जड आहे. मला तो माणूस फार आवडतो. हे मी त्याला कधी सांगितलं नाही, तेव्हाही सांगितलं नाही.

काम तर निभवायला हवं होतं. दोघांनी मिळून डोकं चालवलं आणि ठरवलं की वरच्या फटीवर, छतालगत, कपाटाच्याच रंगाची दोन बोटं रुंद पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायची, म्हणजे ती मुद्दाम केल्यासारखी दिसेल. दादानं टेप धरली. आकडा घेतला, वहीत लिहिला, आणि वही माझ्यापुढं करून थांबला. एरवी मी वही घेतो आणि कापायला लागतो. आज तो माझ्या तोंडाकडं बघत होता, आणि मी त्याच्या. "तूच रेघ मार," मी म्हणालो. त्यानं कानावरची पेन्सिल काढली, पट्टीवर रेघ मारली, आणि मी त्याच्या रेघेवर करवत चालवली. हात माझा स्थिर होता. हाताला काही झालेलं नव्हतं, हे मी नीट बघून घेतलं. तिची कड रंध्यानं साफ केली, पट्टी वर धरली, दादानं खालून दाबली, मी स्क्रू पिळले. दारं लावली, ती सरळ मिटली. संध्याकाळ व्हायच्या आत खोली झाली. बाई आल्या, अनवाणी पायांनी मधोमध उभ्या राहिल्या, पायाची बोटं लोकरीत खुपसली आणि सगळीकडं नजर फिरवली. "वरची ती पट्टी छान दिसतेय हो. आधी बोलला नव्हतात तुम्ही." मी काही म्हणायच्या आत दादा म्हणाला, "भाऊजींची कल्पना." बाईंनी एक दार उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. मग आत डोकं घालून वास घेतला. निघताना त्यांनी माझा हात हातात घेतला, नाडी बघतात तसा, आणि म्हणाल्या, "जपून असा." मी बरं म्हणालो. नर्सला सगळं दिसतं.

गाडीत बसलो. दादानं चष्मा डॅशबोर्डवर काढून ठेवला आणि गाडी सुरू केली. सोंगासाठी घातलेल्या त्या चष्म्याची आता त्याला गरज नव्हती, आणि मी त्याबद्दल काही बोललो नाही. रस्त्यावर कामावरून सुटलेल्या माणसांची गर्दी होती, प्रत्येकाच्या हातात काहीतरी पिशवी. मी वही मांडीवर धरून बसलो होतो. पुढं काय काय जाईल, याचा विचार करत होतो. आज कार्पेट गेलं, उद्या बिजागऱ्या कुठल्या बाजूला हे जाईल, परवा रस्ता जाईल. मग नावं. असं एकेक खण रिकामा होत जाईल आणि दारं मात्र बाहेरून नीट मिटलेली दिसतील. भीती वाटली. इतकी भीती मला आयुष्यात कारखाना बंद पडला तेव्हाही वाटली नव्हती. तेवढ्यात फोन वाजला. बायको होती. तिचा आवाज फोनमध्ये नेहमीच मोठा येतो, शेजाऱ्याला ऐकू जावा इतका.

"झाली का खोली?"

"झाली."

"सांगितलंत का दादाला?"

मी दादाकडं पाहिलं. तो पुढं रस्त्याकडं बघत होता, पण त्यानं गाडीचा वेग कमी केला होता. सांगून टाकावं, मला सगळं कळलंय, तुमचं बिंग फुटलंय, असं ओठावर आलं. पण मला ती दिसली. महिनाभर रोज तेच विचारताना तिला काय वाटत असेल ते दिसलं. माझा मान राखायला तिनं सख्ख्या भावाचे डोळे अधू केले होते.

"सांगितलं," मी म्हणालो.

"काय म्हणाला?"

"आधी चिडला. माझ्या मागं काय काय ठरवता, म्हणाला. मग ऐकलं त्यानं. आता थांबतो, म्हणाला. हे काम शेवटचं."

"दुखावला का हो फार?"

"दुखावला थोडा. आपलं काम दुसरं कुणी गुपचूप सावरतंय हे कळलं की लागतंच ना माणसाला. पण वाईट नाही वाटून घेतलं त्यानं. तसा शहाणा आहे." मला थांबावं लागलं. "भ्यायलाय गं तो. पुढं कसं होणार म्हणून भ्यायलाय."

पलीकडं नळ चालू होता तो तिनं बंद केला, तो आवाज मला ऐकू आला. ती हातातलं काम थांबवून उभी राहिली असणार. मग ती बोलली, हळू आणि नीट.

"त्याला म्हणावं, भिऊ नकोस. आम्ही दोघं आहोत ना."

"सांगतो," मी म्हणालो आणि फोन ठेवला.

सिग्नलला गाडी उभी राहिली. दादानं सगळं ऐकलं होतं, तरी त्यानं विचारलं, "काय म्हणाली?"

"म्हणाली, भिऊ नकोस. आम्ही दोघं आहोत."

दादानं एक हात स्टिअरिंगवरून काढून डोळे पुसले, आणि म्हणाला, "मग? आहोतच की."